छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज : दोन सेमिस्टरनंतर

अमेरिकेतलं छोटं खाजगी लिबरल आर्ट्स (कला, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असं व्यापक पदवीशिक्षण देणारं) कॉलेज म्हणजे साधारण दीड-दोन हजार विद्यार्थी आणि जवळजवळ सगळे पदवीचे. पीएचडी करणारं कुणी नाही, आणि या कॉलेजांचं जे नाव आहे ते मुख्यतः त्यावरच उभं आहे. मोठ्या विद्यापीठात प्रयोगशाळेतलं काम आधी पीएचडीवाल्यांकडे जातं. इथे ते नसतात, म्हणून प्राध्यापकाला हाताशी पदवीचीच मुलं घ्यावी लागतात. अशाच एका, ऑरेगनमधल्या रीड कॉलेजची संशोधन अणुभट्टी १९६८पासून चालू आहे. ती चालवणारे बहुतेक पदवीचे विद्यार्थी, सरकारी परवाना परीक्षा पास झालेले.

शिकवण्याची पद्धत जवळून बघायची तर विल्यम्स कॉलेजचं ट्युटोरियल बघावं. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक, आठवड्याला एक बैठक. एकाने पाच-सात पानी निबंध मांडायचा, दुसऱ्याने त्यातल्या फटी दाखवायच्या. पुढच्या आठवड्यात उलट. मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. जोडीदार न वाचता आला तर मात्र तो तास फुकट जातो.

ऑफिस अवर्स (प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना भेटायला राखलेला वेळ) हा इथला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा माल. ‘काही कळलं नाही’ म्हणून गेलं तर पाच मिनिटांत बाहेर. स्वतःचा एक परिच्छेद छापून न्यावा आणि ‘युक्तिवाद कुठे तुटतो?’ एवढंच विचारावं. ग्रॅज्युएट स्कूलला (पदवीनंतरच्या शिक्षणाला) बहुधा तीन शिफारसपत्रं लागतात. एकाच प्राध्यापकाकडे दोन कोर्स केलेले असले तर पत्रात नेमकं काही येतं, नाहीतर ‘मेहनती विद्यार्थी’ एवढ्यावर भागतं.

खरी अडचण वेळापत्रकात. विभागात चार-पाच प्राध्यापक. त्यातला एक सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) गेला की त्याचा वरचा कोर्स वर्षभर बंद. काही कोर्स मुळात एकाआड एक वर्षी निघतात. तिसऱ्या वर्षी परदेशी सेमिस्टर आणि तोच कोर्स एकत्र आले तर मेजर (पदवीचा मुख्य विषय) अडकतं. उपाय सोपा आहे, पण लवकर करावा लागतो : पहिल्या वर्षअखेरीस चार वर्षांचा तक्ता करून विभागप्रमुखाकडून कोण कधी रजेवर आहे ते भरून घ्यायचं. शेजारच्या कॉलेजांशी करार असेल तर थोडी सुटका होते. अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा अ‍ॅमहर्स्ट कॅम्पस यांच्यात एकमेकांकडे कोर्स घेता येतात. फक्त दोन वर्गांच्या मध्ये बसप्रवासाचा वेळ सोडायला विसरू नये.

प्रतिष्ठेचं म्हणाल तर ती असमान आहे. पीएचडी प्रवेश समित्यांना ही नावं पाठ असतात. बाहेर बऱ्याच जणांना ‘हे कुठलं कॉलेज?’ असा प्रश्न पडतो. रँकिंगमध्ये यांची यादी विद्यापीठांपेक्षा वेगळी असते आणि रीडने तर १९९५मध्ये यूएस न्यूजला (रँकिंग काढणाऱ्या प्रकाशनाला) माहिती देणंच थांबवलं. तेव्हा आकड्यावर फार विसंबू नये.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : अर्थशास्त्राच्या पदवीचा सरकारी कोड. ४५.०६०१ असेल तर शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिने, ४५.०६०३ असेल तर पात्र नोकरीवर आणखी २४ महिने वाढवता येते. वर्गात शिकवलेलं जवळपास तेच असू शकतं. मेजर जाहीर करण्याआधीच रजिस्ट्रारला कोड विचारून घ्यावा, आणि नंतर आय-२०वर (व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवर) तोच छापला आहे ना, हेही बघावं.