चोवीसचा दांडा: भोसरीतल्या एका लेथवाल्याकडचा अनुभव

शेडला पाटीच नाही, त्यामुळे नाव विचारू नका. भोसरी एमआयडीसीत एका गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड, आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. तिथून मी सायकलच्या सीटचा दांडा करून घेतला. सहाशे रुपये, पाईपसकट. पाचपैकी चार गुण देते. एक का कापला तेही सांगते.

सायकल प्यूजो, फ्रेंच कंपनीची. मामेभाऊ ग्रेनोबलला शिकायला होता, १९८६ मध्ये परतताना त्याने आणलेली. पुढची कित्येक वर्षं ती मामांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली पडून होती. फ्रेमवर ‘कार्बोलाईट १०३’ (प्यूजोच्या साध्या पोलादी नळीचं नाव) असा स्टिकर अजून वाचता येतो. मूळ सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, कधी आणि कुठे गेला, घरात कोणालाच आठवत नाही. माझ्याकडे आली तेव्हा आत कुठल्याशा सायकलचा बारीक दांडा होता आणि त्याभोवती कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळलेला. पत्रा सोडवून मोजला तर नऊ वेढे. सिंहगड रोडला दहा किलोमीटर गेलं की सीट बोटभर खाली आलेलं असायचं. दर वेळी उतरा, पान्याने आवळा, परत चढा.

सीट आवळायच्या जागी फ्रेमला जे दोन कान असतात ना, ते बोल्ट आवळल्यावर टोकाशी एकमेकांना चिकटायला आले होते. दांडा बारीक आहे हे ओळखायला दुसरं काही बघावं लागत नाही. मापाचा दांडा असला की आवळल्यावरही कान जवळजवळ समांतर राहतात.

मग दुकानं पालथी घातली. एका ठिकाणी २७.२ मिलिमीटरचा दांडा पुढे केला, ‘रोड बाईकला हाच लागतो’ म्हणून. तो तोंडातच अडला. दुसऱ्या ठिकाणी २५.४ चा काढला आणि ‘थोडा ठोकला की जाईल’ म्हणत भाऊ हातोडी शोधायला लागले. मी सायकल उचलून बाहेर. ऑनलाइन ‘२४ मिमी’ लिहिलेला मागवला, तर बुडाशी शिक्का २५.४ चा. परत पाठवला.

यात सगळी चूक दुकानदारांची नाही. जुन्या सायकलींचे सीटपोस्ट ०.२ मिलिमीटरच्या टप्प्याने बदलतात: २६.४, २६.६, २६.८, २७, २७.२. इंग्लिश आणि इटालियन फ्रेमचा सीटचा पाईप बाहेरून बहुधा २८.६ असतो, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. जुन्या फ्रेंच फ्रेमचा २८. पाईप जितका पातळ, तितकं आतलं भोक मोठं. म्हणून चांगल्या पातळ नळीच्या महागड्या फ्रेमला २७.२ लागतो आणि जाड नळीच्या साध्या फ्रेमला त्याहून बारीक. ‘कार्बोलाईट १०३’च्या सायकलींना बहुतेक वेळा २४ चा. तो आपल्याकडच्या दुकानात कोण कशाला ठेवेल?

मी चिंचवडला एका कारखान्यात तेवीस वर्षं इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे घरात व्हर्निअर आणि मायक्रोमीटर मिक्सरच्या शेजारच्या फडताळात असतात. तरीही पहिल्यांदा चुकलेच. पाईपच्या तोंडाशी व्हर्निअर लावला, एका दिशेने २३.७ आणि आडवा धरला तर २४.४. वर्षानुवर्षं बारीक दांड्यावर आवळून तोंड अंड्यासारखं झालेलं. तोंडाशी घेतलेलं माप खरं नसतं. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आतला गंज काढला, भोकात रुंदीचं माप धरून ठेवणारा टेलिस्कोपिक गेज पन्नास मिलिमीटर आत सोडला आणि तो मायक्रोमीटरने मोजला. तीन वेळा २४.१ च्या आसपास. तोंड लाकडाची गोल खुंटी घालून हलक्या हाताने सरळ केलं.

साध्या सीटला खाली क्लिप असते, ती २२.२ च्या दांड्यावर बसते. तेव्हा मला हवं होतं ते एवढंच: खाली २४, वर चाळीस मिलिमीटर २२.२. कागदावर चित्र काढलं. खालचा भाग २३.९ ते २४, पायरीला (जाडी बदलते तिथे) उतार, काटकोन नको, आणि बुडापासून सत्तर मिलिमीटरवर एक खूण. तेवढा भाग फ्रेमच्या आत राहिलाच पाहिजे.

लेथवाल्या काकांनी चित्र पाहिलं, चष्मा वर सारला. ‘कशाचं आहे?’

‘सायकलच्या सीटचा दांडा.’

‘दुकानात मिळतो की ताई.’

‘चोवीसचा आणून दाखवा, तुमचेही पैसे देते.’

हसले आणि कोपऱ्यातून २५.४ ची सीमलेस (बिनजोडाची) पाईप काढली, तीन मिलिमीटरहून थोडी जाड. ही निवड मला आवडली. अॅल्युमिनियम हलकं झालं असतं, पण स्टीलच्या फ्रेममध्ये वर्षभर बिनग्रीसचं राहिलं की असं चिकटतं की करवत घ्यावी लागते.

‘उद्या या’ असं तीनदा ऐकलं. चौथ्या दिवशी दांडा हातात आला. पायरी काटकोनातच कापलेली. चित्रावर बोट ठेवून दाखवलं तर म्हणाले, ‘ताई, सीटलाच लावायचाय, विमानाला नाही.’ भेग पडायची तर अशाच कोपऱ्यातून पडते, हे मला तेवीस वर्षांत पुरतं कळलंय. तिथेच उभी राहिले. त्यांनी पायरी पाच मिलिमीटर खाली सरकवून उतार काढला, दहा मिनिटांचं काम. हाच तो कापलेला एक गुण. शिवाय बुडाशी आतल्या कडेला बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, तशीच होती, ती घरी मी कानशीने काढली.

बाकी कामाला नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही टोकांना २३.९२, मध्ये २३.९७. टूलच्या दाबाने पाईप मध्यावर जराशी मागे सरते, तिथे पाच शतांश जास्त राहतात. चालतंय. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत, सायकलीच्या मानाने शोभेल असं.

ग्रीस लावून दांडा सोडला तेव्हा तो आपल्या वजनाने हळूहळू खाली गेला, हातपंपाचा दट्ट्या उतरावा तसा. खुणेपर्यंत गेल्यावर बोल्ट आवळला. कान समांतर. फ्रेमच्या कडेला दांड्यावर पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. तीनशे किलोमीटर झाले, परवा खडकवासल्यापर्यंत जाऊन आले, रेघ तिथेच आहे.

तुमच्याकडेही असली अनाथ फ्रेम असेल तर आधी भोक आतून मोजा आणि माप कागदावर लिहून न्या. तोंडी सांगितलेलं काका ऐकत नाहीत. आणि गुरुवारी जाऊ नका, शेड बंद असते.