वॅग्नर कायदा की किमान वेतनाचा?

अमेरिकेतल्या महामंदीवर भाचीला प्रकल्प करायचाय आणि रूझवेल्टच्या काळातला कामगारांचा एकच कायदा निवडायचाय: १९३५चा वॅग्नर कायदा की १९३८चा किमान वेतन आणि कामाच्या तासांचा. 'न्यू डील'चे, म्हणजे रूझवेल्टच्या मंदीविरोधी कार्यक्रमाचे, गोडवे बाजूला ठेवून बघू.

हातात काय पडलं? १९३८च्या कायद्यानं थेट आकडे दिले. तासाला किमान २५ सेंट, आठवड्याला ४४ तास (पुढे ४०), जादा कामाला दीडपट मजुरी. वॅग्नरनं पैसा नाही, ताकद दिली: संघटनेचा हक्क, मालकावर वाटाघाटीची सक्ती, दाद मागायला मंडळ. १९३३च्या औद्योगिक पुनरुज्जीवन कायद्यातही संघटनेचा हक्क होता, पण अंमलबजावणी लुळी. १९३५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदाच रद्द केला. वॅग्नर तिथं १९३७मध्ये टिकला, मात्र १९४७च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यानं त्याला कात्री लावली.

वगळलं कुणाला? दोन्हींनी शेतमजूर आणि घरकामगारांना. दक्षिणेत यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येनं, म्हणजे वगळणं निरागस नव्हतंच.

संप, युनियन यांवर लिहायचं तर वॅग्नर घे. मजुरी किंवा बालकामगारांवर लिहायचं तर १९३८चा; बालमजुरीवर निर्बंधही त्यातच होते.