दौऱ्याआधीचे बारा आठवडे: शालेय रग्बी संघासाठी घेतलेल्या फिटनेस प्रशिक्षणाबद्दल

परदेश दौरा ठरला की पासपोर्ट, व्हिसा, विमा, पालकांची संमतीपत्रं यांतच शाळेचा सगळा वेळ जातो आणि मुलांच्या दमाकडे लक्ष जातं ते शेवटच्या पंधरवड्यात. मागच्या दौऱ्याला आमचं असंच झालं. तेरा दिवसांत पाच सामने होते. तिसऱ्या सामन्याला २६ पैकी ९ मुलं कट्ट्यावर बसलेली, कुणाची मांडी भरलेली, कुणाचा घोटा सुजलेला. पंधरा जण उभे करता करता नाकी नऊ आले. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि या संघाची व्यवस्थापक आहे. ती नऊ तोंडं मला पुढे वर्षभर दिसत होती. म्हणून या खेपेला एका खासगी प्रशिक्षण संस्थेचा दौऱ्याआधीचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम घेतला. दौरा पार पडला, मुलं सुखरूप परतली. अशी सेवा घ्यावी की नाही, या विचारात असलेल्या क्रीडाशिक्षकांसाठी आणि पालकांसाठी हे लिहितेय.

आम्हाला मिळालं ते असं: दोन प्रशिक्षक, आठवड्याला तीन सेशन, तीन वेळा चाचण्या, रोज सकाळी मुलांनी मोबाइलवर भरायची छोटी प्रश्नावली, आणि प्रवास व दौऱ्यातल्या विश्रांतीचं वेळापत्रक. रग्बीचं कौशल्य, म्हणजे पास, लाइनआउट (बाहेर गेलेला चेंडू दोन्ही संघांच्या रांगांमधून पुन्हा खेळात आणणं), टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडणं), हे आमच्या कोचकडेच राहिलं. ही वाटणी पहिल्याच बैठकीत कागदावर आली, त्यामुळे पुढे खटके उडाले नाहीत.

पहिल्या दिवशी दम मोजणारी ब्राँको चाचणी झाली. ०, २०, ४० आणि ६० मीटरवर खुणा. वीसपर्यंत जाऊन परत, चाळीसपर्यंत जाऊन परत, साठपर्यंत जाऊन परत, ही एक फेरी. अशा पाच फेऱ्या न थांबता, एकूण १२०० मीटर. आमच्या मोठ्या प्रॉपला (पुढच्या फळीतला वजनदार खेळाडू) ६ मिनिटं ३२ सेकंद लागली. चौथ्या फेरीत साठच्या खुणेवर वळताना त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि मान खाली घातली. बाकीची मुलं कडेला बसून बघत होती, एक-दोघं हसलीही. दोन प्रशिक्षकांमधले मोठे सर त्याच्या शेजारून शेवटपर्यंत चालत गेले. पोहोचल्यावर वेळ वहीत लिहिली आणि म्हणाले, "ही वेळ तुझी. विंगरशी तुझी शर्यत नाही, याच वेळेशी आहे." (विंगर म्हणजे कडेने धावणारा, संघातला वेगवान खेळाडू.) दहाव्या आठवड्यात तोच मुलगा ५ मिनिटं ४१ सेकंदांत आला, आणि तेव्हा हसलेल्या दोघांनीच त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही, पण मला काय वाटलं ते शब्दांत मांडता येत नाही.

या सरांनी बारा आठवड्यांत शिक्षा म्हणून एकदाही कुणाला पळवलं नाही. उशीर झाला, पळा. चेंडू सुटला, पळा. आपल्याकडच्या मैदानांवर हे सर्रास चालतं आणि मीही ते वर्षानुवर्षं केलं आहे. धावणं म्हणजे शिक्षा असं एकदा मनात बसलं की मुलगा जिवावर आल्यासारखा धावतो. हे मला इतक्या उशिरा उमगलं याचं वाईट वाटतं.

पैसे वसूल झाले ते मात्र वॉर्म-अपमध्ये. प्रत्येक सेशनची पहिली वीस मिनिटं वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, दुखापती टाळण्यासाठीच्या 'ॲक्टिव्हेट' कार्यक्रमाला राखलेली होती. तोल सांभाळणं, एका पायावर उतरणं, धावताना अचानक दिशा बदलणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, मानेचे व्यायाम, सगळं टप्प्याटप्प्याने अवघड होत जातं आणि वयोगटाप्रमाणे त्याची वेगवेगळी आवृत्ती आहे. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या शालेय संघांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान तीनदा हे व्यायाम करणाऱ्या संघांमध्ये सामन्यातल्या दुखापती ७२ टक्क्यांनी आणि कन्कशन, म्हणजे डोक्याला हादरा बसून होणारी इजा, ५९ टक्क्यांनी कमी आढळली. 'तीनदा' या शब्दावर सरांचा फार भर. एक दिवस पाऊस होता, मैदान बंद होतं, तर त्यांनी शाळेच्या व्हरांड्यात चपला-बूट बाजूला सारायला लावून तेवढी वीस मिनिटं करून घेतली आणि मुलांना घरी सोडलं. हा कार्यक्रम वर्ल्ड रग्बीच्या संकेतस्थळावर फुकट आहे. ज्या शाळेला प्रशिक्षक परवडत नाही तिने दुसरं काही नाही केलं तरी एवढं करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मेहनत मोजायची त्यांची रीत साधी होती. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक मुलगा ० ते १० मधला एक आकडा सांगतो: आज किती जड गेलं? त्या आकड्याला सेशनच्या मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटांचं सेशन आणि आकडा सात, तर भार ४२०. आठवड्याची बेरीज एकदम उसळी मारत नाही ना, एवढं बघायचं. सुरुवातीला सगळे एकमेकांकडे बघून सहा-सहा सांगायचे. मग सरांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारायला सुरुवात केली आणि खरे आकडे येऊ लागले. आमच्या नऊ नंबरच्या जर्सीतल्या मुलाने एकदा नऊ हा आकडा सांगितला. विचारल्यावर कळलं, परीक्षेसाठी तीन रात्री तो जेमतेम पाच तास झोपला होता. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. त्या दिवशी त्याला फक्त स्ट्रेचिंग दिलं आणि घरी पाठवलं. त्याच्या आईचा संध्याकाळी फोन आला, "मॅडम, बरं झालं कुणीतरी त्याला झोप म्हणालं."

आता तक्रार. सकाळच्या प्रश्नावलीत 'कुठे दुखतंय का' असा प्रश्न असतो आणि शरीराच्या चित्रावर बोट ठेवून जागा दाखवायची असते. आमच्यातला सर्वांत लहान मुलगा, पंधरा वर्षांचा, वर्षभरात झपाट्याने उंच झालेला, सलग अकरा दिवस गुडघ्याखालची तीच जागा दाखवत होता. ती उत्तरं कुणी उघडून पाहिलीच नव्हती. बाराव्या दिवशी उड्यांच्या व्यायामानंतर तो जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी उतरत होता, ते मी पाहिलं. जवळ बसवून मोजा खाली केला तर गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टणक उंचवटा आलेला, बोट लावलं तरी तो कळवळला. डॉक्टरांनी ऑस्गूड-श्लाटर सांगितलं: वाढीच्या वयात मांडीचा पुढचा स्नायू हाडाच्या वाढत्या भागावर सतत ओढ देतो, तिथे दाह होतो. गंभीर नाही, पण उड्या आणि वेगाने धावणं कमी करावंच लागतं. अकरा दिवस आधी कळलं असतं तर तीन आठवडे वाया गेले नसते. मुलाने आपलं काम चोख केलं होतं. ज्याने वाचायचं त्याने वाचलं नाही. मी संस्थेला लेखी कळवलं. त्यांनी चूक मान्य केली, आणि त्या दिवसापासून धाकट्या प्रशिक्षकाने रोज सकाळी आठच्या आत मला दोन ओळींचा अहवाल पाठवला. शेवटपर्यंत एकही दिवस चुकला नाही, हेही सांगायला हवं. तरी तुम्ही अशी सेवा घेणार असाल तर करार करतानाच विचारा: ही उत्तरं रोज कोण वाचणार, आणि किती वाजता?

दुसरी उणीव पुढच्या फळीची. 'ॲक्टिव्हेट'मधल्या मानेच्या व्यायामांपलीकडे प्रॉप आणि हुकर (दोन प्रॉपच्या मधला खेळाडू) यांना वेगळी मेहनत लागते, ती सहाव्या आठवड्यात सुरू झाली. एकोणीस वर्षांखालच्या नियमांत स्क्रम (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांत गुंतून चेंडूसाठी रेटतात तो) दीड मीटरपेक्षा जास्त ढकलता येत नाही, त्यामुळे तिथे लागतो तो पाठ सरळ ठेवून वजन झेलत टिकून राहण्याचा दम, आणि त्यासाठी मान, खांदे, पाठ महिनोन्‌महिने घडवावी लागते. सुरू झाल्यावर काम उत्तम होतं: जोडीदाराने तळहाताने डोक्यावर दाब द्यायचा, चारही दिशांनी, आणि मान जागची हलू द्यायची नाही. पण पाच आठवडे उशीर तो उशीरच.

शेवटचे दहा दिवस मात्र फार विचारपूर्वक आखले होते. धावण्याचं एकूण अंतर निम्म्यावर आणलं, वेग तोच ठेवला. मुलांना वाटलं सर ढिले पडले. पालकांचेही फोन आले, "ऐन वेळी सराव कमी का?" सरांनी पालकसभेत फळ्यावर आलेख काढून समजावलं की थकवा आधी उतरतो, कमावलेला दम बरेच दिवस टिकतो, आणि त्या फटीत सामना खेळायचा असतो. आम्ही पूर्वेकडे जाणार होतो, वेळेचा फरक पाच तासांचा. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पूर्वेला जाताना ते जास्त जड जातं. म्हणून निघण्याआधी चार रात्री अर्धा-अर्धा तास लवकर झोपायला लावलं आणि पहिला सामना पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी ठेवायला सांगितलं. यजमान शाळेला आधी दुसरा दिवस हवा होता. आम्ही आग्रह धरला, त्यांनी मानलं.

दौऱ्यात प्रशिक्षक सोबत नव्हते. त्यांनी दिलेला एक लॅमिनेट केलेला कागद होता आणि एक वजनकाटा. सामन्याआधी आणि नंतर वजन करायचं: किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला, तो पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर पिऊन भरायचा, एका दमात नाही. सामन्यानंतरच्या सकाळी वीस मिनिटं चालणं आणि पोहणं. डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, त्या दिवशी परत मैदानात नाही, मग तो कितीही म्हणो की मी ठीक आहे. हा नियम वर्ल्ड रग्बीचाच आहे. चौथ्या सामन्यात आमच्या फुलबॅकला (सर्वांत मागे राहून बचाव करणारा खेळाडू) मी असंच बाहेर काढलं. तो रडला, माझ्यावर चिडला. कागदावर सरांची आणि त्याच्या वडिलांची सही होती, ती मी त्याला दाखवली आणि त्याच्या शेजारी बसून राहिले.

पाचव्या सामन्यात ६२व्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी मागे होतो. आमच्या गोललाइनपासून पाच मीटरवर सलग अकरा टॅकल झाले. मी मोजत होते. अकरावा टॅकल त्या मोठ्या प्रॉपचा. खाली पडला, उठला, पुन्हा रेषेत येऊन उभा राहिला, हात गुडघ्यांवर नव्हते. सामना आम्ही हरलोच, पण त्या दिवशी निवडीसाठी २६ पैकी २४ जण उपलब्ध होते. नसलेले दोघे म्हणजे फुलबॅक, आणि बोट मुरगळलेला एक सेंटर.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पंधरा ते सतरा वयाचा संघ असेल आणि हातात किमान दहा आठवडे असतील तर जरूर घ्या. चार आठवडेच उरले असतील तर घेऊ नका, तेवढ्या वेळात घाई होते आणि घाईत मुलं दुखावतात. पुढच्या वर्षासाठी मी त्यांना दोन अटी लिहून पाठवल्या आहेत: पुढच्या फळीची खास मेहनत पहिल्या दिवसापासून, आणि सकाळची उत्तरं वाचणाऱ्या माणसाचं नाव करारात. दोन्ही मान्य असल्याचं उत्तर कालच आलं.