एस्टीमचं तेराशेचं इंजिन: कॅम किती अंशांचा, थ्रॉटल एक की चार?

पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला गाडी चालवत न्यायची, तिथल्या रेसिंग ट्रॅकवर फेऱ्या मारायच्या आणि त्याच गाडीतून घरी परतायचं, असा बेत असेल तर हिशेब साधा आहे. जाऊन-येऊन दोन हजारांहून जास्त किलोमीटर एक्सलरेटर अर्ध्याहून कमी दाबलेला आणि ट्रॅकवर फार तर शे-दोनशे किलोमीटर तो पूर्ण दाबलेला. ट्रेलरवरून जाणाऱ्या गाडीचा हिशेब याच्या बरोबर उलटा. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि थ्रॉटल बॉडी (एक्सलरेटर दाबल्यावर इंजिनात हवा सोडणारी झडप) यांचा निर्णय इथूनच सुरू होतो, आणि तो एकच निर्णय आहे. आज कॅम, पुढच्या वर्षी थ्रॉटल असा हप्त्याहप्त्याने घेतला की दोन्हींवरचा खर्च वाया जातो.

उदाहरणासाठी मारुती एस्टीमचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनवालं) इंजिन, म्हणजे जी१३बीबी घेऊ: १,२९८ सीसी, बोर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, १६ व्हॉल्व्ह, कंपनीची ताकद ८५ बीएचपी. जिप्सी किंगच्या एमपीएफआयमध्येही हेच इंजिन. यात कॅमशाफ्ट एकच आहे आणि इनटेक (हवा आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हचे लोब, म्हणजे त्यांना दाबणारे उंचवटे, त्याच दांड्यावर आहेत. त्यामुळे ॲडजस्टेबल पुली लावली तरी दोन्ही एकत्रच पुढे-मागे सरकतात, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. दोन कॅमवाल्या इंजिनात लोब सेंटर पुलीवर जुळवता येतो. इथे तो ग्राइंडिंगच्या वेळीच ठरतो, आणि चुकला तर नवीन कॅम घेण्यावाचून इलाज नाही.

तीन नमुन्याचे कॅम शेजारी-शेजारी ठेवू. इनटेक आणि एक्झॉस्टचे अंश सारखे धरले आहेत. अंश म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत क्रँक फिरतो तो कोन. टीडीसी म्हणजे पिस्टन सर्वांत वर, बीडीसी म्हणजे सर्वांत खाली. लोब सेंटर म्हणजे टीडीसीपासून व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्यापर्यंतचे अंश, आणि ओव्हरलॅप म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचे अंश.

| | २५६ अंश | २७२ अंश | २८८ अंश |
|---|---|---|---|
| लोब सेंटर | ११० | १०८ | १०४ |
| इनटेक उघडतो, टीडीसीआधी | १८ | २८ | ४० |
| इनटेक बंद होतो, बीडीसीनंतर | ५८ | ६४ | ६८ |
| ओव्हरलॅप | ३६ | ५६ | ८० |
| आयडलिंग, साधारण | ८५०–९०० | ९५०–१,०५० | १,२०० च्या वर |
| कामाचा टप्पा, आरपीएम | १,८००–६,५०० | २,८००–७,२०० | ४,०००–८,००० |

अंशांच्या आकड्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एक ग्राइंडर (कॅम घासून देणारा) व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजतो, दुसरा १ मिमी उचलल्यापासून. दोघांचे ‘२७२’ वेगळे निघतात. ‘१ मिमी लिफ्टला किती अंश, आणि टॅपेट क्लिअरन्स किती धरून?’ हे विचारा. (लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उचलला जातो ती उंची; टॅपेट क्लिअरन्स म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली सुटी जागा.) लेखी उत्तर मिळत नसेल तर तिथे कॅम करू नका.

आता गिअर बघा. दुसरा गिअर १.८९४ आणि तिसरा १.२८० असेल, तर ७,००० ला गिअर टाकल्यावर इंजिन सुमारे ४,७३० वर येतं. तिसऱ्यातून ०.९१४ च्या चौथ्यात जाताना तर सुमारे ५,००० वरच राहतं. म्हणजे ट्रॅकवर ४,७०० ते ७,००० एवढाच टप्पा लागतो. त्याला २७२ चा कॅम पुरून उरतो. २८८ चा खरा जोर ७,००० च्या पुढे, आणि तिथे राहायचं तर कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि ऑइल पंप यांचा खर्चही त्याच दिवशी करावा लागतो. कॅमच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही, म्हणून सांगितलं.

इनटेक उशिरा बंद झाला की खालच्या आरपीएमला आत आलेल्या हवेतली थोडी परत मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) ढकलली जाते. नऊ-साडेनऊ कम्प्रेशनवर २७२ टाकला तर २,५०० च्या खाली गाडी मेल्यासारखी वाटते. ट्रक गाठून पाचव्यात ओढायला गेलात की कळतं. कम्प्रेशन साडेदहाच्या आसपास नेलं तर बराचसा जोर परत येतो, पण मग ९५ ऑक्टेनच्या खाली जाऊ नये. हेड घासून कम्प्रेशन वाढवणार असाल तर दोन परिणाम लक्षात ठेवा. कॅम थोडा मागे पडतो, तो पुलीवर परत जुळवावा लागतो. आणि पिस्टन-व्हॉल्व्हमधली जागा घासलं तेवढी कमी होते.

थ्रॉटलबद्दल सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे मोठं भोक, जास्त ताकद. गणित करून पाहा. हे इंजिन ७,००० आरपीएमला ९५ टक्के भरतं असं धरलं तर सेकंदाला सुमारे ७२ लिटर हवा घेतं. ४० मिमीच्या थ्रॉटलमधून ती सेकंदाला ५७ मीटर वेगाने जाते, ४६ मधून ४३ ने, ५० मधून ३७ ने. ४० वरून ४६ वर जाण्यात अर्थ असू शकतो. ४६ वरून ५० वर गेल्याने वरच्या टोकाला काहीच हाती लागत नाही, उलट पाय जरा हलला की गाडी उसळते आणि सिंहगड रोडच्या गर्दीत चालवणं जिकिरीचं होतं.

आणि ४६ ची गरज आहे का, हे विकत घेण्याआधी फुकटात कळतं. चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, स्कॅनरवर मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा वाचा. पुण्यात तो साधारण ९५ किलोपास्कल येईल. मग तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ट्रॅकवर, लाल रेषेजवळचा आकडा बघा. फरक २ किलोपास्कलच्या आत असेल तर थ्रॉटल वाट अडवत नाही, बदलू नका. ४–५ चा फरक असेल तर आधी फिल्टर काढून पुन्हा मोजा, कारण बऱ्याचदा दोषी तोच निघतो.

चार थ्रॉटलचा खरा फायदा नीट समजून घ्यायला हवा. एका थ्रॉटलवर चारही सिलिंडर एकाच प्लेनममधून (हवेच्या सामाईक डब्यातून) श्वास घेतात. ओव्हरलॅप मोठा असला की एका सिलिंडरचा जळका वायू मागे येऊन दुसऱ्याच्या हवेत मिसळतो, मॅपचा आकडा थरथरतो, ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) तो जास्त लोड वाटतो, तो पेट्रोल वाढवतो आणि आयडलिंगला गाडी काळा धूर सोडत गचके खाते. प्रत्येक सिलिंडरला आपलं थ्रॉटल मिळालं की ही सरमिसळ थांबते. म्हणून २८८ चा कॅम चार थ्रॉटलवर जितका माणसाळतो तितका एका थ्रॉटलवर कधीच होत नाही. याउलट कंपनीच्या कॅमवर चार थ्रॉटल लावले तर आवाज आणि झटपट प्रतिसाद मिळतो, ताकद फारशी नाही. सर्वांत वाईट जोडी मात्र २८८ चा कॅम, एक थ्रॉटल आणि कंपनीचा ईसीयू. दुर्दैवाने स्वस्त म्हणून हीच जास्त केली जाते.

चार थ्रॉटलवर दुसरी अडचण येते. थ्रॉटल थोडं उघडलं की मॅनिफोल्डमधला दाब लगेच बाहेरच्या हवेएवढा होतो, मग मॅपवरून लोड कळत नाही. ट्यूनिंग थ्रॉटलच्या कोनावर करावं लागतं. यात ईसीयूला बाहेरचा दाब मोजणारा वेगळा सेन्सर दिला नाही, तर पुण्यात ९५ किलोपास्कलला सेट केलेली गाडी समुद्रसपाटीवरच्या चेन्नईत १०१ ला सहा टक्के जास्त हवा घेते, पेट्रोल मात्र तेवढंच. पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, आकडा जितका मोठा तितकं पेट्रोल कमी) ०.८७ ठेवला असेल तर तो ०.९२ च्या पुढे जातो, तोही ट्रॅकच्या उन्हात आणि वाढवलेल्या कम्प्रेशनवर. नॉकिंगने (मिश्रण आपोआप भडकण्याने) पिस्टनची कड खाल्ली जाते ती अशी. एका थ्रॉटलवर मॅपने ट्यून केलेली गाडी हा फरक स्वतःच सांभाळते. ट्यूनिंग नेहमी लॅम्डावर करा, कारण ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला १४.७ हे हवा-पेट्रोलचं जुनं प्रमाण लागू पडत नाही, ते साडेतेराच्या आसपास येतं.

चार थ्रॉटल घेणारच असाल तर एवढ्याशा इंजिनाला ३८–४० मिमी पुरे. सुझुकी जीएसएक्स-आर सारख्या बाइकचे जुने सेट चालतात, पण त्यांच्या भोकांमधलं अंतर हेडच्या पोर्टशी जुळत नाही, त्यामुळे मधला दांडा कापून जोडणी नव्याने करावी लागते. व्हॉल्व्हपासून ट्रम्पेटच्या (थ्रॉटलवरच्या कर्ण्याच्या) तोंडापर्यंत ३००–३५० मिमी लांबी धरा, आणि तोंडासमोर फिल्टरपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढी मोकळी जागा. ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एकाच रनरमधून (एका सिलिंडरच्या हवेच्या नळीतून) घेऊ नका. चारही रनरमधून बारीक नळ्या एका छोट्या डब्यात आणा आणि तिथून नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून बूस्टरला द्या. एसी ठेवायचा असेल तर आयडल व्हॉल्व्हची हवाही अशीच चौघांत वाटावी लागते. उघड्या ट्रम्पेटवर जाळी लावून आपल्या धुळीत फिरणं म्हणजे बोर घासणं. फोमचा फिल्टर हवाच.

कोणताही कॅम असो, हेड बसवताना ही मोजणी चुकवू नका. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावा, तिला आणि व्हॉल्व्हला तेलाचा हात द्या, जुनं गॅस्केट घालून हेड टॉर्कने आवळा, टॅपेट सेट करा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. हेड काढून क्ले कापा: सर्वांत पातळ जागी इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवेत. नवीन गॅस्केटची जाडी वेगळी असेल तर तेवढा फरक धरा. पुली पुढे केली की इनटेक पिस्टनजवळ येतो, मागे केली की एक्झॉस्ट, म्हणून पुली जिथे ठेवणार तिथेच मोजा. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मिळून १ मिमी आणि रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) व सीलमध्येही निदान १ मिमी जागा उरली पाहिजे.

जुना कॅम घासून केलेला असेल तर लिफ्ट वाढते ती बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान करून. मग टॅपेटचा स्क्रू जास्त बाहेर येतो आणि रॉकर लोबला पॅडच्या कडेला टेकतो. लोबवर निळं मार्किंग लावून फिरवा. खूण पॅडच्या मधल्या भागात उमटत नसेल तर तो कॅम परत करा.

निवड सांगायची तर: रोज ऑफिसला एसी लावून जायचं आणि वर्षातून एकदा ट्रॅक, तर २५६ आणि कंपनीचंच थ्रॉटल. चालवत ट्रॅकवर जायचं तर २७२, साडेदहा कम्प्रेशन, मॅप चाचणीत गरज दिसली तरच ४६ चं एक थ्रॉटल आणि स्वतंत्र ईसीयू. बहुतेकांनी हेच करावं. ट्रेलर असेल तरच २८८ आणि चार थ्रॉटल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ आणि पीयूसीचा विचार रस्त्यावरच्या गाडीला करावाच लागतो, आणि मोठ्या ओव्हरलॅपवर आयडलिंगचं एचसी (धुरातलं न जळलेलं पेट्रोल) हमखास वाढतं.

नवीन कॅमला रॉकरही नवे द्या. लोबवर मॉलिब्डेनम पेस्ट, झिंक असलेलं तेल, आणि सुरू होताच पहिली २० मिनिटं २,००० ते २,५०० आरपीएमवर, मध्ये आयडलिंग नाही. मग तेल आणि फिल्टर बदला. ५०० किलोमीटरनंतर टॅपेट थंड इंजिनावर पुन्हा मोजा. एकाच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स इतरांपेक्षा वाढलेलं दिसलं तर तो लोब झिजायला लागलाय, गाडी पुढे चालवू नका.