जेजू की गांगह्वा? हाताशी दोनच दिवस असतील तर

सोलला कामासाठी किंवा मुलांकडे गेलेल्या आपल्या मंडळींना एखादा शनिवार-रविवार मोकळा मिळाला की प्रश्न ठरलेला असतो, "जेजू करून यावं का?" जरूर करावं. जेजू हे कोरियाच्या दक्षिणेचं, विमानाने गाठायचं बेट, आणि गांगह्वा हे सोलजवळचं, पुलांनी जोडलेलं. दोन्ही बेटं मी फिरलो आहे आणि दोन्हींचा मला लळा आहे. तरी असं कुणी विचारलं की माझ्या तोंडी आधी गांगह्वाचं नाव येतं.

निसर्गात जेजूचं पारडं जड आहे, त्यात वादच नाही. १,९४७ मीटर उंचीचा हाल्लासान डोंगर, समुद्रातून थेट वर आलेलं सोंगसान इल्चुल्बोंगचं ज्वालामुखीचं तोंड, शेताशेतांतले काळ्या दगडांचे गडगे हे सगळं गांगह्वाला कुठून असणार? गांगह्वाचा समुद्र पोहायचा नाहीच. ओहोटी लागली की पाणी नजरेआड जातं आणि मागे नुसता चिखल उरतो. काळ्या तोंडाचे दुर्मीळ चमचे पक्षी या चिखलावर पोट भरतात. मावळतीला तो चकाकू लागला की माझा पाय निघत नाही. पण निळ्याशार पाण्यासाठी गेलेला माणूस हिरमुसेल हे खरं.

माझा कौल फिरला तो वाऱ्यामुळे. जेजूचा वारा ही बातमी नाही, मात्र त्याच्या तावडीत आपलं वेळापत्रक सापडलं की काय होतं हे तिथे गेल्यावरच कळतं. हाल्लासानच्या माथ्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. ती मी केली होती. पहाटे पायथ्याशी पोचलो तर पाटी लावलेली: वाऱ्यामुळे वरचा टप्पा बंद. दुसऱ्या दिवशी उदो बेटाची फेरी बोट बंद. परतीचं विमान रात्रीपर्यंत लांबलं. यात दोष कुणाचाच नाही, आणि तुम्हाला कदाचित लख्ख ऊन मिळेलही. पण विमान, हॉटेल, गाडी आणि डोंगर असं सगळं आधी ठरवून ठेवायचं आणि मग आकाशाकडे बघत बसायचं, हे दोन दिवसांच्या सुट्टीला मला तरी परवडत नाही. गांगह्वाला जायचं की नाही हे आदल्या रात्री हवामान बघून ठरवता येतं. पूल आहेत, सोलहून बस आहे, पाऊस आला तर पुढच्या आठवड्यात जाता येतं.

इतिहासाचं म्हणाल, तर दोन्ही बेटं एकाच धाग्यात ओवलेली आहेत. मंगोलांच्या स्वाऱ्या सुरू झाल्यावर १२३२ मध्ये कोरियावर तेव्हा राज्य करणाऱ्या गोर्यो घराण्याच्या दरबाराने राजधानी गांगह्वाला हलवली. १२७० मध्ये राजाने तह करून मुख्यभूमीवर परतायचं ठरवलं, तेव्हा साम्ब्योल्चो नावाच्या सैन्याने बंड केलं. ते आधी जिंदो बेटावर गेले, मग जेजूला, आणि तिथेच १२७३ मध्ये संपले.

त्यानंतर गांगह्वाला उसंत अशी मिळालीच नाही. सोलकडे जाणाऱ्या हान नदीच्या तोंडाशी हे बेट, म्हणून जो येईल त्याने आधी इथे तोफा डागल्या. १८६६ मध्ये फ्रेंच आले आणि राजग्रंथालयातले ग्रंथ घेऊन गेले. त्यांतले २९७ खंड २०११ मध्ये परत आले, तेही कर्जाऊ म्हणून. १८७१ मध्ये अमेरिकन आले, १८७५ मध्ये जपानी, आणि जपानने कोरियावर लादलेला १८७६ चा तह इथेच झाला. छोजिजिन या छोट्या किल्ल्यापाशी एक जुना पाइन आहे. तोफगोळ्यांच्या खुणा त्याच्या खोडावर दाखवतात. तिथून उत्तरेच्या टोकाला गेलात, तर दोन-अडीच किलोमीटर पाण्यापलीकडे उत्तर कोरियातली शेतं दुर्बिणीतून दिसतात. वाटेत चौकीवर ओळख विचारतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा.

जेजूचा इतिहास अलीकडचा आणि जास्त दुखरा. ३ एप्रिल १९४८ च्या उठावानंतरच्या दडपशाहीत हजारोंनी माणसं मारली गेली. शांती उद्यानातल्या संग्रहालयात एक पांढरी शिळा आडवी ठेवली आहे, त्यावर एकही अक्षर कोरलेलं नाही. जेजूला गेलात तर किनारे कमी करा, पण हे चुकवू नका.

खाण्यात मात्र मी डळमळतो. जेजूचं काळं डुकराचं मांस जाड कापून टेबलावरच भाजतात, जाळीवर शेजारी खारवलेल्या माशांच्या चटणीची वाटी खदखदत असते, त्यात बुडवून खायचं. एकटे असाल तरी बहुतेक ठिकाणी दोघांचं मागवावं लागतं. गांगह्वाला मे-जूनमध्ये बेंदेंगी हा चंदेरी मासा कच्चा, तिखटजाळ भाज्यांत कालवून देतात. वर्षभर मिळते ती सुनमूची किमची: जांभळट सलगमाच्या फोडी, करकरीत, मोहरीसारख्या नाकात जाणाऱ्या. शाकाहारी मंडळींनी सावध राहावं, तिच्यात खारवलेली कोळंबी असते. त्यांनी जोनदुंगसा देवळाच्या दाराशी रानभाज्यांचा बिबिंबाप (भाज्या कालवून खायचा भात) मागावा आणि मग आत जाऊन मुख्य मंदिराच्या वळचणीखाली बघावं. छप्पर डोक्यावर पेलत उकिडव्या बसलेल्या लाकडी आकृत्या दिसतील. सुताराला फसवून पळालेल्या बाईला त्याने दिलेली ही शिक्षा, असं सांगतात.

उत्सवांसाठी जात असाल तर तारखा बघूनच जा. जेजूला चांद्र दुसऱ्या महिन्यात वाऱ्याच्या देवीचा, योंगदुंगचा विधी होतो. पाणबुड्या हेन्यो बायका तिथे समुद्राकडे बरकत मागतात. २००९ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. गांगह्वात एप्रिलमध्ये गोर्योसान डोंगर अझेलियाने गुलाबी होतो आणि ३ ऑक्टोबरला मानिसानच्या माथ्यावरच्या चाम्सोंगदान वेदीवर दानगुन या आद्य राजाच्या नावाने पूजा होते. वर जायला नऊशेहून जास्त पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा अंदाज घेऊन चढा.

आठवडाभर मोकळे असाल आणि गाडी चालवायची तयारी असेल, तर जेजूच करा. परदेशातून थेट तिथे उतरणाऱ्या भारतीयांना व्हिसाविना ३० दिवस राहता येतं (नियम निघण्याआधी एकदा तपासा), पण तेवढ्यावर सोलला जाता येत नाही. दोनच दिवस असतील तर मी गांगह्वा म्हणेन. बेटावरच्या बस तुरळक आहेत आणि रविवारी संध्याकाळी पुलांवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा दुपारीच निघा. महिन्याच्या २, ७, १२, १७, २२ किंवा २७ तारखेला जाणं जमलं तर फारच छान. त्या दिवशी गावात बाजार भरतो आणि सुनमू विकायला शेतकरी बायका स्वतः बसलेल्या असतात.