नुसतं पाडायचं की पर्यायासकट?

१७ एप्रिल १९९९. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावाचे आकडे आले: २६९ विरुद्ध २७०. वाजपेयींचं सरकार एका मताने गेलं. पाडणारे एकत्र आले खरे, पण पुढचा पंतप्रधान कोण यावर त्यांचं जमेना. शेवटी देश पुन्हा निवडणुकीला सामोरा गेला. आपल्याकडे हे चालतं. विश्वास नाही एवढंच सांगायचं, पर्याय द्यायची सक्ती नाही.

जर्मनीत चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, हटवायचं तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो, तोही एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने. म्हणजे भांडणं आधी मिटवून या, मग पाडा. हिटलरच्या आधीच्या वायमार प्रजासत्ताकाच्या काळातली पाडापाडी पाहून १९४९ च्या घटनेत घातलेली ही तरतूद. १९७२ मध्ये विली ब्रांट यांच्याविरुद्धचा ठराव दोन मतांनी फसला. १९८२ मध्ये मात्र हेल्मुट श्मिट गेले आणि त्याच मतदानाने हेल्मुट कोल आले.

मला जर्मन पद्धत उजवी वाटते. पण आघाडी आतूनच फुटली तर तिचाही इलाज चालत नाही: खुर्ची शाबूत, विधेयकं मात्र अडकलेली. २०२४ च्या अखेरीस तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्झ यांचं तेच झालं. मित्रपक्षाची साथ सुटली, मग निवडणूक घेता यावी म्हणून त्यांनी हरण्यासाठीच विश्वासमत मागितलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक झाली.