किल्ली हातात, इंजिन चालूच: मर्सिडीज ३०० डी (डब्ल्यू १२३) काही महिने वापरल्यानंतर

सेंट्रल लॉकिंगवाली, बिनटर्बो, ऑटोमॅटिक ३०० डी ज्यांच्याकडे आहे त्यांना हे सांगायला नको: किल्ली काढून घेतली तरी इंजिन निवांत चालू राहतं. मग बॉनेट उघडायचं आणि इंजिनवरची स्टॉपची दांडी दाबायची. कितीतरी दिवस मी हेच करत होते. त्यात गिअरही झटका देऊन पडायला लागले.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू केली. व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या, नळ्या बघितल्या का, विचारलं तर म्हणे, जुन्या गाडीत हे चालायचंच. खर्चाचा आकडा ऐकून गाडी तशीच परत आणली. तो राग अजून गेलेला नाही, कारण दोष गिअरबॉक्समध्ये नव्हताच.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, त्यामुळे ते बंद करायला डिझेलच तोडावं लागतं. या गाडीत ते काम व्हॅक्यूमवर होतं. किल्ली बंद केली की डिझेल पुरवणाऱ्या इंजेक्शन पंपावरचा डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा, ओढला जातो आणि पुरवठा थांबतो. पेट्रोल गाडीसारखा हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून आयता व्हॅक्यूम मिळत नाही, म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा व्हॅक्यूम पंप आहे. ब्रेकला जोर देणारा बूस्टर, गिअर मऊ पडणं, दारांची, डिकीची आणि टाकीच्या झाकणाची लॉकं, सगळा भार त्या एका पंपावर. एका ठिकाणी गळती झाली की बाकीच्यांनाही व्हॅक्यूम कमी पडतो.

लॉककडे जाणारी पिवळी नळी काढून तोंड बंद केलं आणि किल्लीसरशी इंजिन थांबलं. म्हणजे गळती दारांकडे. मग हातपंप आणि व्हॅक्यूम मोजणारं गेज घेऊन एकेक दार तपासलं. बाकीच्यांत काटा टिकला, मागच्या डाव्या दारात तो वर चढेचना. आतलं ट्रिम उतरवलं तर रबरी डायफ्रॅमच्या घडीवर नखाएवढी चीर, दाबून वाकवल्याशिवाय दिसणारही नाही अशी. तो डायफ्रॅम आणि कडक झालेले रबरी जोड बदलले. इंजिन वेळेवर बंद व्हायला लागलं, आणि गिअरचे झटकेही गेले!

दाराच्या लॉकवर इंजिन बंद होणं अवलंबून ठेवणारी रचना मला आधी मूर्खपणाचीच वाटायची. आता तसं म्हणवत नाही. १९७६ ते १९८६ या काळात बनलेल्या गाडीतलं रबर इतकी वर्षं टिकलं, आणि दोष शोधायला संगणक लागला नाही. शिवाय किल्ली फिरवल्यावर सगळी लॉकं एका दमात, आवाज न करता खाली बसतात. ते सुख रोजचं आहे. तरी लॉकची फांदी बंद करायला एक तोटी कंपनीनेच द्यायला हवी होती. मी बसवून घेतली.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. पाच सिलिंडरचं इंजिन दणकट आहे, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली, फट मात्र वेळच्या वेळी बघा: थंड इंजिनावर इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह ०.१० मिमी, एक्झॉस्ट (धूर बाहेर टाकणारा) ०.३०. गंज बॅटरीच्या ट्रेखाली आणि जॅक लावायच्या जागी शोधा.

विकत घेणार असाल तर इंजिन बंद करून थोड्या वेळाने ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावून सगळी लॉकं चालतात का ते बघा. चालली नाहीत तर किंमत पाडून मागा, आणि कोणी गिअरबॉक्स उघडायचं म्हणालं तर आधी गेज लावायला सांगा.